करंगळीवरचा मुद्दा

कुणी काही म्हटलं आणि सेक्रेटरी गप्प बसले, असं आमच्या गिरगावातल्या चाळीत कधी झालं नाही. "नळ उघडा ठेवलात," एवढ्यावरही ते तोंडातला ब्रश काढत गॅलरीत येतात, डाव्या हाताची करंगळी धरतात आणि सुरू करतात, "मुद्दा पहिला!" अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर समोरचा घरात गेलेला असतो.

पुनर्विकासाच्या करारात कलम होतं, की वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं. तरी बिल्डरनं सरळ कोर्टात दावा लावला. सेक्रेटरींनी स्वतःसाठी एक जादा फ्लॅट मागितला, तो मिळाला नाही म्हणून काम अडवलं, असा त्यात आरोप. आमच्या वकीलबाईंनी त्यांना बजावलं, "काका, आधी फक्त लवादाकडे पाठवा म्हणून अर्ज करायचा. आरोपांना उत्तर देत बसलात तर तो हक्क गेला. तोंड उघडायचं नाही."

हे गप्प बसतील यावर चाळीत कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून मला सोबत धाडलं. फ्लॅटचा आरोप वाचला जात असताना मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता. ते हललेही नाहीत. डावी करंगळी मात्र उजव्या मुठीत होती.

कोर्टानं अर्ज मान्य केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सुटलात काका. आता बोला त्या फ्लॅटबद्दल, इथं आपण दोघंच आहोत."

त्यांनी करंगळी सोडली. उभी हयात गिरगावात काढलेल्या त्या माणसानं मला विचारलं, "आपली बस इथूनच मिळते ना रे?"