मेलेल्या आत्याच्या हातचं पाणी

माझी आत्या बहात्तरच्या दुष्काळात वारली आणि पुढची दहा वर्षं आमच्या घरात भाकरी भाजत राहिली. हे मी गमतीनं सांगत नाही. ती स्वतःच तसं म्हणायची, आणि आत्या एकदा बोलली की आमच्या घरात तो विषय संपायचा.

तिचं नाव गौरम्मा. माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला म्हणून माहेरी परतलेली. माझी आई मला जन्म देऊन गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. रेणापूरजवळच्या गावात वडिलांचं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात, आणि मेल्यावर तेच हातात देऊन माणसाला मातीत बसवतात. मधल्या आयुष्यात ते अंगावरून उतरायचं नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आत्या पाण्याचा घोटही घेत नसे.

दुष्काळात गावचा आड आटला. तळाशी एक झरा तेवढा पाझरत होता. अंगानं बारीक म्हणून आत्याला कमरेला दोर बांधून खाली सोडायचे. ती वाटीनं पाणी गोळा करून घागर भरायची आणि वरच्या बायका घागर ओढून घ्यायच्या. एका दुपारी ती वर आली तेव्हा गळ्यातला दोरा तुटलेला होता आणि लिंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणसं उतरली, त्यांनी गाळ चाळला, पण काही हाती लागलं नाही.

आमच्या घरचे गुरू, जंगम सिद्धराम स्वामी, लगेच नवं लिंग द्यायला तयार झाले. आत्यानं ऐकलं नाही. "लिंग गेलं, जीव गेला. मी मेले आता. मेलेल्याच्या गळ्यात काय बांधताव?"

वडील चिडले. "मेलीस तर च्या कशाला पितीस?"

"सवय हाय म्हून."

तेव्हापासून तिनं कपाळाला भस्म लावणं सोडलं, देवघरात पाऊल टाकणं सोडलं. लग्नाबारशाला जाणं बंद. जनगणनेचे मास्तर आले तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "मला मोजनीत धरू नगा." मास्तर बिचारे वडिलांकडे बघत बसले. बाकी घरकाम, माझी वेणी, वडिलांवर ओरडणं, सगळं जसंच्या तसं चालू.

लहानपणी मला याचा केवढा तोरा! इतरांची भुतं चिंचेवर राहायची, आमचं चुलीपुढं बसायचं. वर्गात कोणी मला मारायला आलं की मी नुसतं "आत्याला सांगीन" म्हणायची, समोरचं पोर गार. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

पण दुपारी मात्र मला घरात थांबवत नसे. वडील दुकानात, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि आत्या स्वयंपाकघरात मोरीपाशी बसून हातातली वाटी कोरड्या फरशीवर ओढत असायची. खर्र, खर्र. डोळे उघडे, पण हाक मारली तर ऐकू जायची नाही. मी हळूच जाऊन तिच्या पायाला हात लावून बघायची. पाय गरम असायचा. तरी माझी खात्री व्हायची नाही.

पुढं कॉलेजला लातूरला गेले आणि मला अक्कल आली. आली ती सगळी एकदमच आली. देव नाही, भूत नाही, सगळं थोतांड, असं मी होस्टेलच्या पोरींना ऐकवायला लागले. गळ्यातलं लिंग काढून ट्रंकेत ठेवलं आणि मान कशी हलकी झाली म्हणून खूशही झाले. एकदा आत्याची गोष्ट रंगवून सांगितली, पोरी पोट धरून हसल्या. त्याच दुपारी खोलीत मला तो आवाज आला. खर्र, खर्र. बाकी कोणालाही नाही. मी सायन्सची विद्यार्थिनी, म्हणून उंदीर आहे असं ठरवलं. तो उंदीर पुढं दर उन्हाळ्यात येत राहिला.

ब्याऐंशी साली जिल्हा नवा झाला. वडिलांनी पेपर वाचून सांगितलं, "आपण उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलाव."

"कुठं न जाता?" आत्यानं विचारलं.

"हाव."

"मंग माजं बी तसंच झालं की."

त्याच हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला नेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मी घरी आले. मरणाची तिला भीती नव्हती, ते तिच्या लेखी उरकलं होतं. पण एका दुपारी तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"रत्ना, हातात लिंग न्हाई तर मला मातीत कसं बसवतेल? मी हितंच फिरत ऱ्हाईन का गं?"

तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मंग घे की नवं लिंग. स्वामी कवाचे तयार हायेत."

"न्हाई."

"मेलेल्या माणसाला एवढा हट्ट असतो का?"

ती हसली, हसताना खोकली, आणि मग भिंतीकडं तोंड करून सांगायला लागली.

"ते पडलं तवा मी बघितलं. पायापशीच गाळात पडलं. हात घातला असता तर गावलं असतं. पण गाळ हलला असता तर झरा गढूळ झाला असता, दिवस मावळूस्तर निवळला नसता. आन् तू घरी जुलाबानं पडलेली, जीभ बाहीर. मी त्येच्यावर पाय ठिवला, रत्ना. गाळ हलू नये म्हून. देवावर पाय दिऊन उभी ऱ्हायले आन् वाटीनं पाणी भरत ऱ्हायले. ते पायाखाली रुतत खोल गेलं."

मला रागच आला. इतकी वर्षं हे पोटात घेऊन बसली! आणि राग आला की मी वाद घालते.

"आत्या, लिंगावरून आलेलं पाणी म्हंजे काय? पादोदक. तीर्थ म्हून पिताव आपण. झरा लिंगावरून वाहत होता. मंग तू मला पाजलीस ते पाणी नव्हतं, पादोदक होतं. समद्या गावानं तेच पिलं. पाप कुठं लागलं त्यात?"

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळावं असा मुद्दा होता. मी माझ्यावरच खूश झाले.

आत्या कुशीवर वळून माझ्याकडं बघत राहिली. "तुजा इस्वास हाय ह्येच्यावर?"

"हाय की."

तिनं हात उचलून माझ्या गळ्याशी नेला. तिची बोटं गाळात चाचपल्यासारखी पुढं-मागं फिरली आणि थांबली.

"कवापासून न्हाई?"

"कॉलेजात गेल्यापासून."

"म्हंजे तू बी मेलीस," ती म्हणाली. रागावून नाही. तिला ते दिसत होतं, एवढंच. जिला जगवायला देवावर पाय दिला, ती पोरगी मरून तिच्या उशाशी बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. "मंग कशाला दिला गं मी पाय?"

तिचं मन बदलायला मी आले होते आणि माझ्याच पायाखालची जमीन सरकली. त्या क्षणी मला विश्वास वाटला का, असं आजही कोणी विचारलं तर मी चिडते. मला तिचं रडणं सहन झालं नाही. मी दुकानात जाऊन वडिलांना म्हटलं, "स्वामींना बोलवा. दोघींसाठी."

सिद्धराम स्वामी कोणाच्या तरी सायकलवर मागं बसून आले. आत्यानं स्वतःला उठवून भिंतीला टेकवून घेतलं आणि बजावलं, "आदी तिला."

मी पाटावर बसले. स्वामींनी कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, गळ्यात लिंग बांधलं. मला वाटलं होतं तसं हसू आलं नाही. आत्यानं मला जवळ ओढलं आणि मानेमागची गाठ ओढून बघितली. सुटत नाही हे पटल्यावर तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि स्वामींपुढं मान वाकवली.

"बांधा आता. पोरगी जित्ती हाय तर मला मेलेलं ऱ्हाऊन कसं चालंल?"