डीपीवरची तीन पाती

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. माझ्या मित्राचा उजवा हात विजेच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जळाला, तो त्याच्या घाईमुळं नाही. मी अर्धवट शिकवल्यामुळं.

घाटनांदूरला माझं पाण्याच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग भरायचं दुकान आहे. वायरिंगचीही कामं करतो. आमच्याकडं शिवारातल्या डीपीचा फ्यूज उडाला, की लाईनमनची वाट कुणी बघत नाही. खांबावरच्या स्विचचं हँडल ओढून लाईन तोडायची अन् आपणच फ्यूजची तार बांधायची, अशी रीतच पडलीय. एकदा डीपीपाशी जमलेल्या गड्यांना मी ते करून दाखवलं; त्यात हा मित्रही होता. "हँडल खाली वढलं की लाईन मेली. लई सोप्पं हाय," म्हणालो. शिट्ट्या पडल्या. खरं तर हँडल ओढल्यावर वर मान करून स्विचची तिन्ही तारांवरची तिन्ही पाती सुटली का, ते बघावं लागतं. एखादं गंजून तसंच चिकटून राहतं. हे मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर काम अवघड वाटलं असतं, अन् मला शिट्ट्या हव्या होत्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात मित्र हँडल ओढून डीपीवर चढला. एक पातं चिकटलेलंच होतं.

गाव म्हणालं, गडबड केली त्यानं. मीही मान डोलावली. नंतर कुणी विजेचं काही शिकव म्हणालं की "मला न्हाई जमत" म्हणून मोकळा व्हायचो. सांगायला तोंड उघडलं की जळका वास नाकात यायचा.

यंदा ग्रामसभेत विजेच्या अपघातांवर बोलायला कुणी उठेना. मित्रच ओरडला, "ऊठ बे! मला शिकवताना लई बोलत व्हता, आता कावून दातखीळ बसली?" लोक हसले. तोही हसला.

उठलो. बोलू लागलो. डीपीला हात लावू नका, लाईनमन येईस्तोवर पिकाला ताण बसला तरी बसू द्या. हँडल खाली आलं म्हणजे लाईन मेली असं नसतं. मग पात्याचं सांगितलं.

मित्राचं हसू थांबलं. "हे तुला तवाच म्हाईत व्हतं का रे?"

मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. तेवढ्यात सरपंचांनी नळयोजनेचा विषय काढला, अन् मी खाली बसलो.

आता दुकानात कुणीही विचारो, काही न गाळता सांगतो. मित्र रोज दारावरून जातो, पुन्हा विचारत नाही. त्याला "हो, म्हाईत व्हतं" एवढं सांगणं बाकी आहे.