शेजाऱ्याची हाक येऊ द्या

ठिणगी सर कुणालाही "बरं आहे ना?" असं विचारत नसत. आणि कुणी त्यांना तसं विचारलं तर जागच्या जागी भडकत. "उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत की! मग मला कशाला विचारता?" समोरचा माणूस तोंड पाडून निघून जायचा. मला तेव्हा वाटायचं, काय हे तोंड या माणसाचं! साधी विचारपूस करतोय बिचारा. आता वाटतं, सरांनी कमीच झापलं. माझी बायको हौसा गेल्यापासून जो येतो तो चप्पल न काढता दारातूनच "मामा, बरं आहे ना?" म्हणतो आणि माझी मान हलायच्या आत गाडीला किक मारतो. काठी घेऊन मागे धावावंसं वाटतं. गुडघे साथ देत नाहीत म्हणून वाचतात.

मी सातवी शिकलेला माणूस. नगर-पुणे रस्त्याला, सुप्याच्या अलीकडे, एका चेअरमनने माळावर इंजिनिअरिंगचं कॉलेज काढलं होतं. तिथे कॉम्प्युटरच्या लॅबला मी शिपाई होतो. नव्वद सालानंतरचा काळ. पोरांना बूट बाहेर काढायला लावत, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. मास्तरांच्या खोलीत पंखा घरघरायचा आणि मशीनला एसी. तिथे ठिणगी सर शिकवत. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या, जसं काही आत्ता कुणाला तरी हाणायचं आहे. ठिणगी हे नाव पोरांनी ठेवलं. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

लॅबमध्ये टेबलांच्या मागून एक काळी वायर गेली होती, या मशीनमधून त्या मशीनमध्ये, माळेत मणी ओवावेत तशी. वायरच्या दोन्ही टोकांना एकेक चकचकीत टोपी. तिच्यापुढे काहीच जोडलेलं नसायचं. मी एकदा विचारलं, "सर, हिचा उपेग काय? नुसतीच लोंबती."

"मामा, आमच्याकडं कड्यासमोर उभं राहून वरडलं तर काय हुतं?"

"आवाज माघारी येतो."

"तसा या वायरीतला आवाज उघड्या टोकाला आपटून माघारी येतो. मग सगळ्यांचं बोलणं एकमेकांत कालवतं. कुणाचंच कुणाला कळत नाही. टोपी तो आवाज गिळते."

तेव्हापासून सकाळी लॅब उघडली की आधी मी टोप्या चाचपून बघायचो, मग झाडू घ्यायचो.

मशीनला वायरीवर बोलतं करायचं तर तिच्यातल्या नेटवर्कच्या कार्डाला पत्ता द्यावा लागतो. त्यासाठी तयार हुकूम होता, एक ओळ टाकली की काम होई. बाकीचे मास्तर तेवढंच शिकवत. ठिणगी सरांना ते चालायचं नाही. "हुकूम सोडणारे गावोगाव आहेत. हुकूम सुटल्यावर आत काय होतं ते सांग." मग पोरांना सी भाषेत सगळं हाताने लिहायला लावत. रोज ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. आधी सॉकेट उघडायचं, म्हणजे मशीनच्या पोटातल्या कर्नलशी बोलायची खिडकी. मग एका चौकटीत कार्डाचं नाव आणि पत्ता भरायचा आणि आयओसीटीएल नावाची हाक मारून ती चौकट कर्नलच्या हातात द्यायची. मग तसाच मास्क, म्हणजे पत्त्यातली आपली आळी कुठवर ते. आणि शेवटी कार्डाला सांगायचं, ऊठ. आमचं नगर पडलं लष्कराचं गाव. हौसाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "कर्नल हाय तर सलाम ठोकत आसतील सगळी." सरांना सांगितलं तर ते हसले. तेवढ्यापुरते.

त्या 'ऊठ'वरून एका पोराला बसलेला मार मी विसरलो नाही. मार म्हणजे शब्दांचा. कार्डाच्या अंगावर बऱ्याच खुणा असतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. 'ऊठ' ही त्यातली एक. त्या पोराने आधीच्या खुणा न वाचताच एवढी एकच खूण लिहून पाठवली आणि बाकीच्या सगळ्या पुसून टाकल्या. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात दिवा लावायला पाठवला तुला, तर तू भांडीकुंडी अंगणात फेकून दिवा लावलास! आधी विचार, काय काय आहे. त्यात आपलं एक मिळव. मग सांग." पोरगं रडायला आलं. त्याच दुपारी सर त्याला शेजारी बसवून सगळं पुन्हा लिहून घेत होते, आणि तेव्हाही ओरडतच होते.

पण सरांचा खरा हट्ट पुढेच होता. कार्डाला ऊठ म्हटलं, मग पुन्हा विचारलं, उठलास का? कार्ड म्हणतं, उठलो. पोरं तिथेच खूश. सर म्हणत, "अरे, ते आपणच त्याला सांगितलेलं आपल्याला परत सांगतंय! वायर निघालेली असली तरी ते उठलोच म्हणेल. शेजारच्या मशीनला हाक मारा, तिची हाक परत येऊ द्या, मग माना." त्यांनी सगळ्या लॅबसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो एकेका कार्डाला पत्ता देई, उठवी, आणि मग शेजाऱ्याला हाक मारून थांबे. ठरलेला वेळ थांबे. उत्तर आलं तरच पडद्यावर 'चालू' अशा अर्थाचं इंग्रजी लिही. नाही तर 'उत्तर नाही'.

आमची हौसा सरांना भाऊ म्हणायची. ते एकटे, खोली घेऊन राहायचे, म्हणून माझ्या डब्यात त्यांची भाकरी जास्त असायची. कधी घरी आले की ती टोमणे मारायची. "भाऊ, यवढं चिडता, रगत आटंल. बायकू करा, मंजी चिडायला हक्काचं मानूस मिळंल."

"माझ्यावर चिडणारी मिळाली तर?"

"मिळायलाच पायजे. फुकट का आमच्या ह्यांनी संसार क्येला?"

सर तिला कधी "भाकरी छान झाली ना?" असं विचारत नसत. विचारत, "मामी, आज कंबर कशी आहे?" आणि हातातला घास खाली ठेवून थांबत. हौसा मला म्हणायची, "तुमच्या आख्ख्या कालेजात यवढा एकच मानूस इचारून थांबतो."

मग तपासणीची समिती यायची ठरली. तिने मान्यता दिली तर कॉलेजच्या जागा वाढणार होत्या. चेअरमनने फर्मान काढलं, लॅब चकाचक पाहिजे. नवी टेबलं आली, खिडक्यांना पडदे आले. प्राचार्य स्वतः फिरून बघत होते. वायरीच्या टोकाशी येऊन म्हणाले, "हे काय लोंबतंय? याला तर काही जोडलेलंच नाही. काढा."

मी म्हणालो, "साहेब, ती टोपी हाय. सरांना इचारल्याबिगर हात लावू नका."

"तू मला शिकवणार?" असं म्हणून त्यांनी सुताराकडून दोन्ही टोप्या काढवल्या. सुताराने त्या भुशात टाकल्या आणि भुसा गेला बंबात. सर वर्ग संपवून येईपर्यंत सगळी लॅब मुकी झाली होती. पडद्यावर ओळीने 'उत्तर नाही, उत्तर नाही'.

समिती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. टोप्या मिळणार पुण्याला. सर म्हणाले, आत्ता निघतो, दुपारपर्यंत घेऊन येतो, समितीला लॅब शेवटी दाखवा. प्राचार्य म्हणाले, "त्याची काही गरज नाही. तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडे 'चालू' छापा."

"चालू नाही तर छापू कसं?"

"कार्डं उठलीत ना?"

"उठली असं मीच त्यांना सांगितलंय, साहेब! ते माझंच बोलणं मला ऐकू येतंय. शेजारी बोलत नाही."

"शेजाऱ्याचं काय घेऊन बसलात? समितीला उठलेलं दाखवायचं आहे. छापा, नाही तर उद्यापासून येऊ नका."

मी दाराशी उभा होतो. सरांचा आवाज चढेल असं वाटलं होतं. चढला नाही. ते हळू म्हणाले, "पोरांना शिकवलंय मी ते. त्याच पोरांसमोर खोटं छापू?"

छापलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी मशीनजवळ हाताची घडी घालून उभे राहिले, पडद्यावरचं 'उत्तर नाही' तसंच ठेवून. आणि आता मी जे सांगणार आहे त्याने आजही माझं डोकं भणभणतं. समिती आली, नव्या टेबलांवरून हात फिरवला, पडद्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, एकाने मला विचारलं, "काय मामा, सगळं ठीक ना?" आणि माझं तोंड उघडायच्या आत तो पुढे गेला. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही! 'उत्तर नाही' लिहिलंय की शिवी लिहिलीय, कुणाला पर्वा? श्रीखंड खाल्लं, मान्यता दिली, गेले. कुणाचं काडीचं नुकसान झालं नाही. तरी सरांना काढलं. यांच्यामुळे पकडले गेलो असतो, नुसत्या एवढ्याच रागाने काढलं.

सर एसटीने गेले. हौसाने त्यांना वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि तशीच पदर खोचून प्राचार्यांच्या खोलीत गेली. शिपायाची बायको आत शिरलेली बघून क्लार्क उभाच राहिला. "साहेब, आमच्या भावानं काय चोरी केली व्हती?" प्राचार्य म्हणाले, बाहेर बसा. ती तिथेच फरशीवर बसली. "उत्तर मिळाल्याबिगर मी उठत न्हाई." शेवटी साहेबच मागच्या दाराने निघून गेले. नंतर मला बोलावून म्हणाले, "बायकोला आवर." मी म्हणालो, "साहेब, तिनं फकस्त इचारलंय."

सर गेल्यावर त्या प्रोग्रॅममधलं थांबायचं काम कुणीतरी काढून टाकलं. मी रिटायर होईपर्यंत लॅबचा पडदा 'चालू, चालू' दाखवत होता. वायर तुटलेली असली तरी चालू. मशीनमध्ये उंदराने घर केलं तरी चालू.

गेल्या वर्षी हौसाला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणे, "आजी, बरं वाटतंय ना?" ती थकून मान हलवायची. झालं, बरं लिहिलं. मी सांगत होतो, अहो, ती नुसतं तुमचं बोलणं माघारी देतीय, जरा थांबा तिच्यापाशी. कोण ऐकतो? घरी न्या म्हणाले. आणली.

हौसाच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या नावाने वंदना घ्यायला, मांडवभर माणसं होती. सरांना कुणी कळवलं नव्हतं. महिनाभराने कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि ते एसटीने आले. केस पांढरे, बाह्या तशाच दुमडलेल्या, हातात त्यांच्याकडच्या काळभात तांदळाची पिशवी. "जय भीम, मामा," म्हणाले, चप्पल काढून आत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले. "मामी कशा गेल्या?"

"वय झालं व्हतं, सर. सुटली."

"हे लोकांनी तुम्हाला सांगितलेलं झालं. तुमचं सांगा."

आणि थांबले. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. मग माझं तोंड सुटलं. डॉक्टरला शिव्या दिल्या, पुण्याहून फोनवर "बरं आहे ना" म्हणणाऱ्या आमच्या पोराला दिल्या, हौसालाही दिल्या. मग म्हणालो, "सर, त्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा चा ठिवला आन म्हनलो, ऊठ गं, चा झालाय. तुमच्या पोग्रामाला थांबायची हद्द व्हती. मी आजून थांबलोय. घरात काय बी बोललो तर माझाच आवाज माघारी येतो."

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि शेजारच्या गणपतने उभ्याउभ्या हाक दिली, "मामा, बरं आहे ना?"

सर ताडकन उठले. तोच जुना आवाज, पत्रे हादरतील असा. "बरं नाही! गाडी बंद कर, आत ये, आणि बस!"

गणपत गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडी बंद केली आणि उंबऱ्याबाहेर चप्पल काढली.