फ्रान्सच्या खेड्याला आमचं गाव दाखवताना

आमच्या स्टाफरूममध्ये लाज वाटण्याजोगे किस्से इतके साठलेत, की चहा येईपर्यंत दोन-तीन सहज होतात. त्यातले निम्मे माझ्याच नावावर. मी वाईजवळच्या एका गावात इतिहास-भूगोल शिकवतो. यंदा फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शाळेशी आमची व्हिडिओ कॉलवर ओळख झाली. त्यांनी त्यांचं गाव दाखवायचं, आम्ही आमचं. गावाची अब्रू माझ्या हातात!

*

त्यांची नदी, दगडी पूल, चर्च, पाणचक्की, सगळं मी पोरांकडून घोकून घेतलं. मग हेडसर वर्गात आले. "आता सांगा, आपल्या गावातनं काय वाहतं?"

"गटार, सर!"

गावातल्या ओढ्याचं नाव मलाही आठवेना. मी खडू शोधत बसलो.

*

त्यांच्या पोरांनी गावाचा नकाशा पाठवला. एकेक विहीर दाखवलेली! आमच्या पोरांनी काढले दोन मोबाइल टॉवर, पेट्रोल पंप आणि तीन चायनीजचे गाडे.

"अरे, शाळा कुठाय?"

"जागाच न्हाई उरली, सर."

तोच नकाशा फ्रान्सला गेला.

*

त्यांचं चर्च आठशे वर्षांचं. तिकडनं विचारलं, "तुमचं मंदिर?" मी ठोकून दिलं, "दोन हजार!"

कॉल संपला तसे शेजारी उभे असलेले, देवळाचे पुजारी आप्पा गुरव पुढं आले. म्हणाले, "आवं गुरुजी, माझ्या बापानं बांधलंय त्ये. मी सोता इटा वाहिल्यात!"

त्या दिवशी मी शेतातल्या वाटेनं घरी गेलो.

*

शेवटच्या कॉलला त्यांच्या सरपंचांनी एक खांब दाखवला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं होती त्यावर. एकेक नाव वाचलं. मग म्हणाले, "तुमच्याकडची माणसंही इथं लढली. त्यांची काही आठवण?"

आहे की! आमच्या चावडीच्या भिंतीत त्या लढाईला गेलेल्यांची संगमरवरी पाटी आहे. मी मोबाइल पुढं धरून पळतच सुटलो. "ही बघा आमची पाटी!"

पाटीवर फ्लेक्स. फ्लेक्सवर मी. डोक्याला फेटा, डोळ्यांवर चष्मा नाही, रंग पार गोरा केलेला. मला 'आदर्श इतिहास शिक्षक' पुरस्कार मिळाला, तेव्हा जागा मीच दाखवली होती, "हितं लावा गड्या, रस्त्यावरनं लय झ्याक दिसतंय."

तिकडं सरपंचांनी टोपी काढली. पोरं उठून उभी राहिली. पूर्ण एक मिनिट, माना खाली.

मी मोबाइल तसाच फ्लेक्सवर धरून ठेवला.

मग सरपंचांनी हळू आवाजात विचारलं, "ह्यांचं नाव काय?"