आईच्या हाकेचं चित्र

रेघूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. पाय फुटल्यापासून ती खडू घेऊन फरशीवर, भिंतीवर, कपाटाच्या दारावर रेघोट्या ओढत सुटायची. म्हणून बाबा तिला रेघोटी म्हणायला लागले, आणि रेघोटीची रेघू कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. आता ती तेवीस वर्षांची होती आणि त्याच रेघोट्यांवर पगार घेत होती. कापड छापायच्या एका कारखान्यात चादरी आणि पडद्यांवरची नक्षी काढायचं काम तिच्याकडे होतं.

नक्षी म्हणजे गुलाब. कारखान्याच्या साहेबांचं ठाम मत होतं की माणसाला फुलांवर झोपायला आवडतं, आणि फूल म्हटलं की गुलाब. मग रेघू मोठे गुलाब काढायची, बारीक गुलाब काढायची, उजवीकडे वळलेले काढायची आणि कंटाळा आला की डावीकडे वळलेले काढायची. दोन वर्षांत गुलाबांनी तिला अगदी जेरीला आणलं होतं.

एका रविवारी सकाळी आईनं तिला कपड्यांच्या मशीनवर लक्ष ठेवायला सांगितलं. मशीनच्या झाकणावर साबणाची पावडर सांडली होती. कपडे पिळायची वेळ झाली तसं मशीन घरघरायला लागलं, झाकण थरथरलं आणि ती पावडर चालायला लागली. हो, चालायलाच! मूठभर पांढरी पूड सरकत सरकत गेली आणि तिच्या रेषा झाल्या, वाकड्या पण नेमक्या. मशीनचा वेग वाढला तशा त्या रेषा मोडल्या आणि दुसऱ्याच तयार झाल्या. रेघू जागच्या जागी खिळली.

आई फडकं घेऊन आली. "पुसायचं सोडून बघत काय बसलीस?"

"आई, थांब! पुसू नकोस."

"सांडलेली पावडर पुसायची नाही, तर काय तिला चहा विचारायचा?"

हा गलका ऐकून वहिनी बाहेर आली. वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. रविवारी तिच्या हातात लाल पेन आणि समोर पेपरांचा गठ्ठा असायचा, त्यामुळे उठायला तिला कुठलंही निमित्त चालायचं. ती झाकणावर वाकली आणि तिचेही डोळे चमकले.

"पत्रा सगळीकडे सारखा थरथरत नाही," ती म्हणाली. "जिथे जास्त थरथरतो तिथून पावडर उडते, आणि जिथे जवळजवळ हलतच नाही तिथे येऊन बसते. त्या न हलणाऱ्या जागांच्या रेषा आहेत या."

"म्हणजे थरथर बदलली की नक्षी बदलणार?"

"बदलणारच."

"आणि आवाजानं? माणसाच्या आवाजानं होईल असं?"

"आवाज म्हणजे तरी दुसरं काय गं? हवेची थरथरच की."

झालं. पेपर तसेच राहिले. दुपारपर्यंत नणंद-भावजयींनी एका रिकाम्या डब्याचं तोंड कापून त्यावर फुग्याचं रबर ताणून बसवलं, डब्याच्या कुशीला भोक पाडून त्यात नळीचा तुकडा खोचला आणि रबरावर मीठ भुरभुरलं. नळीला तोंड लावून लांब सूर काढायचा, म्हणजे आतली हवा थरथरेल, रबर थरथरेल आणि मीठ नाचेल, असा सगळा बेत. मिठानं पहिल्या झटक्यातच दगा दिला. ते सर्दावलेलं होतं, जागचं हलेचना. मग बारीक रवा घेतला. रेघूनं छाती भरून "आऽऽऽ" केलं तसा रवा टुणटुणायला लागला आणि त्याची नक्षी उमटली. फक्त ती लंगडी होती. सगळे कण एका बाजूला गोळा झाले होते, एकट्यानंच पांघरूण ओढून घ्यावं तसे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दादा येऊन म्हणाला, "छान आहे," आणि काय छान आहे ते न विचारता जेवायला बसला.

बाबा हे सगळं गॅलरीतून बघत होते. बाबांची उभी हयात धातू कातायच्या लेथ मशीनवर गेली होती. त्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले, इतके हळू की आधी घरच्यांना कळलं आणि मग त्यांना. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते खणात पडून असायचं. "त्यातून सगळं ऐकू येतं, माणसं सोडून," असं ते म्हणायचे. मग घरातले त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, आणि ओरडून बोलायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच बोलतो. जेवायला या, औषध घ्या, दार लावा. गंमत कुणी ओरडून सांगत नाही. जेवणं झाली की बाबा पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे, आणि आत हशा पिकला तरी मान वर करायचे नाहीत.

पण आपली मुलगी लालबुंद होईस्तोवर डब्यात ओरडतेय आणि डब्यावर रवा नाचतोय, हे बघायला कान लागत नाहीत. ते उठून आले. रबरावर चार ठिकाणी बोटानं टिचकी मारली.

"ताण सारखा नाही," ते म्हणाले. "इकडे ढिलं, तिकडे घट्ट. मग नक्षी लंगडणार नाही तर काय होणार?"

एवढं बोलून डबा काखोटीला मारून ते चालते झाले. "बाबा, माझा डबा!" रेघू ओरडली, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

ते त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आता स्वतः मिस्त्री झाले होते. त्यांच्याकडून मशीन मागून घेऊन बाबांनी डब्याच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची दोन कडी कातली आणि त्यांना सभोवार स्क्रू बसवले. दोन्ही कड्यांच्या मध्ये रबर धरायचं आणि स्क्रू आवळायचे. तीन-चार दिवस असे जाऊन-येऊन ते डबा घेऊन परतले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की आई म्हणाली, "यांना काय लॉटरी लागली का?"

"समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे," त्यांनी रेघूला दाखवलं. "एकाचेच लाड केलेस की बाकीचे रुसतात."

आता मात्र रव्यानं कमाल केली. खालच्या सुरात मोजके मोठे डाग, सूर चढवला की कंगोरे, आणखी चढवला की लेसची किनार. वहिनीच्या आवाजाची चांदणी झाली. दादा जांभई देत "आऽऽ" म्हणाला त्याचीही चक्क देखणी गोल जाळी निघाली, आणि त्याला दोन दिवस त्याचा अभिमान पुरला. रेघू फोटो काढायची, मग कागदावर उतरवायची, मग रंगवायची. आठवडाभर तिनं धड केस विंचरले नाहीत.

त्यातले निवडक नमुने घेऊन ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय? कोळ्याला ताप आला होता का?"

"आवाज आहेत, साहेब. माणसांच्या आवाजाची नक्षी आहे ही."

"चादरीला आवाज कशाला हवाय? लोकांना झोपायचं असतं. जा, ते पिवळे गुलाब पुरे कर."

खोलीतले सगळे हसले. रेघूही हसली. मग तोंड धुवायला गेली आणि नळ सोडून जरा जास्तच वेळ तोंड धूत राहिली.

घरी आली तर बाबांनी तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरे चांगले वाचता येतात. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, स्क्रू तपासले, रवा पसरला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. "आज हिचा आवाज घेऊ. सगळ्यांचा झाला, हिचा राहिलाय."

"मी नाही बाई," आई हात पुसत म्हणाली. "मला कुठे गाता येतंय?"

"गाऊ नकोस. मला हाक मार. रोज मारतेस तशी."

आई चक्क लाजली. ज्या हाकेनं समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत यायचे, ती हाक मारायला तिचं तोंड उघडेना. वहिनीनं खांदे धरून तिला पुढे ढकललं. आईनं नळीला तोंड लावलं.

"अहोऽऽऽ!"

रवा दचकून उठल्यासारखा उडाला आणि पाहता पाहता जागेवर बसला. मध्ये एक भरीव वर्तुळ, त्याभोवती मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे लांबट पाकळ्यांचा घेर. बाबा खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"परत," ते म्हणाले.

"अहोऽऽऽ!"

पाकळ्या जराशा हलल्या, पण घेर तोच.

"मला वाटायचं, तू चिडून ओरडतेस."

"चिडूनच ओरडते!" आई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

"दिसत नाही तसं."

आईला हसू फुटलं, आणि नळी तोंडाजवळच असल्यामुळे ते हसू डब्यात गेलं. रवा चौफेर उधळला. नक्षीबिक्षी काही नाही, नुसती धांदल.

"हे काय झालं?" बाबांनी घाबरून विचारलं.

"हसतेय ती!" रेघू आणि वहिनी एकदम ओरडल्या.

बाबांनी आईकडे बघितलं. मग उठले, खण उघडला आणि यंत्र काढून कानात बसवलं. ते शिट्टी वाजवायला लागलं तसं तोंड वाकडं करून काढलं, पुन्हा घातलं. "नुसता गोंगाट आहे," ते म्हणाले. "उद्या जाऊन नीट करून आणतो." आईनं टेबलावर सांडलेला रवा हातानं गोळा केला, आणि गोळा करता करता मान फिरवून डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी रेघूनं सुट्टी टाकली आणि आईची हाक कागदावर उतरवली. तिनं ती सरळसोट केली नाही. पाकळ्या जिथे कललेल्या होत्या तिथे कललेल्याच ठेवल्या. रंग स्वयंपाकघरातून घेतले: ओट्याच्या फरशीचा फिका हिरवा, तांब्याच्या पातेल्याचा लालसर. आणि कारखान्यात जाताना या वेळी कागदाबरोबर डबाही नेला.

"पुन्हा कोळी?" साहेब म्हणाले.

"साहेब, यात एकदा बोलून बघा. तुम्ही रोज मोठ्यानं बोलता ते काहीही."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, दार लावून घेतलं आणि नळी तोंडाला लावली. "लवकर आवराऽऽऽ!"

रवा नाचला. दोन कडी आणि मध्ये एक फुली. साहेब चष्मा सावरून वाकले. मग पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले, आणि दार उघडून हिशेबनीसाला बोलावलं. हिशेबनीसामागून छपाईवाले आले, कापणीवाले आले. यंत्रं बंद, आणि कारखानाभर "आऽऽ" आणि "ओऽऽ". साहेब स्वतः रांग लावत होते.

"माझा जरा भारदस्त आला, नाही?" ते चारचौघांना विचारत राहिले.

त्या दिवशी पडद्यांची एक लहानशी खेप छापायचं ठरलं. आईची हाक तर छापायचीच, पण साहेबांचं "लवकर आवरा" पण छापायचं, या अटीवर. आईची हाक बघता बघता संपली आणि पुन्हा छापावी लागली. साहेबांच्या आवाजाला काही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी त्यांनी तो गठ्ठा घरी नेला. तिथे त्यांच्या बायकोनं विचारलं म्हणे, "दिवसभर ऐकते ते पुरत नाही का?" पण पडदे लावले, आणि ते अजून आहेत.

आता महिन्यातून एकदा बाजाराच्या चौकात रेघूचं टेबल लागतं. लोक येतात, आपला आवाज काढून घेतात, आवडला तर रुमालावर छापून नेतात. स्क्रू बाबांच्या ताब्यात असतात. यंत्र आता त्यांच्या कानात असतं, निदान दुपारपर्यंत. पुढे ते म्हणतात, "आता पुरे झालं जग," आणि काढून खिशात टाकतात.

मागच्या खेपेला एक तरुण जोडपं तान्हं बाळ घेऊन आलं. बाळाच्या रडण्याची नक्षी हवी होती. वाटभर भोकाड पसरलेलं बाळ डब्याजवळ आणल्याबरोबर गप्प झालं. बापानं भेसूर तोंडं केली, बाळाच्या आईनं खुळखुळा काढून घेतला, रांगेतल्या बायकांनी डोळे वटारले. बाळ ढिम्म. बाबा हसत स्क्रू आवळत होते. तेवढ्यात रवा नाकात जाऊन त्यांना सणसणीत शिंक आली, आणि बाळानं नळीच्या तोंडाशीच एक लांबलचक आनंदी आरोळी ठोकली.

"पोरी, बघत काय बसलीस!" बाबा ओरडले. "काढ की!"

रेघूची पेन्सिल केव्हाच कागदावर टेकली होती.