लाइट गेल्यावरचा करंट

अकोल्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हिवरखेडचा एक माणूस तोच सेट तिसऱ्यांदा घेऊन आला. मी तो उघडून तपासत असतानाच लोडशेडिंग सुरू झालं. "तुले काईच येत नाई," म्हणत त्यानं माझ्या कानाखाली वाजवली आणि स्वतःच पॉवर सप्लायमध्ये हात घातला. "लाइट तं गेली, आता काय होते?"

टीव्हीत घरातली वीज डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि लाइट गेल्यावरही तिथं तीनशे व्होल्ट टिकून राहतात. एरवी मी बल्ब लावून तो आधी रिकामा करायचो. त्या दिवशी गाल चोळत नुसता बघत राहिलो.

झटका बसून तो माणूस भिंतीवर आदळला. ओठ फुटला.

"माफ कर गा," तो थरथरत म्हणाला, "तू 'हात नोको लावू' म्हनलं असन, रागात मले आयकू आलं नसन."

मी हो म्हणालो.