कॉमासाहेबांना न सापडलेली चूक

एक स्वल्पविराम चुकला तरी ते अख्खी फाईल परत पाठवत. म्हणून नाशिकच्या आमच्या सरकारी बँकेत सगळे त्यांना पाठीमागे कॉमासाहेब म्हणायचे. परदेशी व्यापाराचा विभाग त्यांच्याकडे होता आणि मी त्यांच्या हाताखालची अधिकारी. प्रत्येक कागदावर दोन सह्या लागत, पहिली त्यांची, दुसरी माझी.

दिंडोरीचे एक बागायतदार निर्यातीचे कागद तिसऱ्यांदा परत आल्यावर द्राक्षांची पेटी घेऊनच आले. "साहेब, लय बारीक बघता तुम्ही. निदान माल तरी खाऊन बघा."

"आम्ही माल बघत नाही, कागद बघतो," साहेब म्हणाले. पेटीला त्यांनी हातही लावला नाही. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. विभागात नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी ते ऐकवत, किती वाजले ते सांगावं तशा आवाजात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुख्य कार्यालयाकडून नवं काम आलं. एक परदेशी सरकार आपल्या देशाकडून तोफगोळे घेणार होतं आणि त्यासाठीचं कर्ज आमची बँक देणार होती. खोकी जहाजावर चढली की कागद आमच्याकडे येत, आम्ही ते तपासले की रक्कम सुटे. साहेबांनी हे कागदही द्राक्षांच्या कागदांसारखेच तपासले. मीही. डबा खाताना त्यावर कधी बोलणं झालं नाही.

त्याच देशातली एक मुलगी नाशिकला कॉलेजात शिकत होती. तिचे वडील फीचे पैसे आमच्याकडे पाठवत. एका सहामाहीला ते आलेच नाहीत. मुलगी तीन-चारदा येऊन गेली, तेव्हा साहेबांनी त्या देशाच्या राजधानीतल्या बँकेला टेलेक्स केला. उत्तर आलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बंडखोर लपल्याच्या संशयावरून तिथल्या सरकारच्या सैन्याने मुलीच्या गावावर तोफा डागल्या होत्या. गाव उरलं नव्हतं, शाखा उरली नव्हती, खातेदारांचा पत्ता नव्हता.

मुलगी समोरच्या खुर्चीत बसली होती. "तिथली शाखा बंद झाली आहे," साहेब तिला इंग्रजीत म्हणाले.

"कुठे हलवली?"

"ते कळवलेलं नाही."

बाकीचा टेलेक्स त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मुलीने आभार मानले आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

पुढच्याच आठवड्यात तोफगोळ्यांची नवी फाईल आली. साहेब सकाळपासून तिच्यावर वाकून बसले होते. डबा तसाच राहिला. चारच्या सुमारास त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, यात एखादी चूक काढा."

मी पाहिली. "काही नाही साहेब. चोख आहे."

"पुन्हा बघा."

मी पुन्हा पाहिली. खरंच काही नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले आणि सही करणार नाही म्हणून सांगून आले. कारण विचारलं तर म्हणाले, "कागदात कारण नाही." मग रजेचा अर्ज टाकून घरी गेले.

त्या फाईलवर पहिली सही मी केली. दुसरी मॅनेजरांनी. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं होतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल.

साहेब परतले नाहीत. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन नामपूरला, आपल्या गावी गेले. दोन-तीन वर्षांनी मी सटाण्याला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसून त्यांनी बँकेतल्या एकेकाची चौकशी केली. कोणाच्या मुलाचं काय झालं, कोणाची बदली कुठे झाली. विभागाबद्दल विचारलं नाही.

निघताना मीच म्हणाले, "साहेब, ते काम अजून येतं. सही मीच करते."

"हो," ते म्हणाले. "ठाऊक आहे."

रस्त्यावरून कांद्याचा ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी आत पाहून बायकोला हाक मारली, "अगं, मॅडमना अजून अर्धा कप दे."

मी बसले. चहा प्यायले.